कुरखेड्यातली परदेशी नागरिक

मी ग्रामसेवक होतो, म्हणून मी संशयी आहे. बायको म्हणते, उलट आहे. मी जात्याच संशयी होतो आणि सरकारने त्याचा पगार दिला. काही असो, गडचिरोली जिल्ह्यातल्या गावोगावी जन्म-मृत्यूच्या नोंदी करण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि माणूस जन्माच्या तारखेबद्दल जितकं खोटं बोलतो तितकं दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाही, अशी माझी खात्री झाली. कोणाला पोरगी लग्नाची झालेली दाखवायची असते, कोणाला पोरगा लवकर शाळेत घालायचा असतो, कुठल्या म्हाताऱ्याला पेन्शनसाठी वय वाढवून पाहिजे असतं. जे खोटं बोलत नाहीत त्यांना तारीखच ठाऊक नसते. "मोहफूल पडून राह्यलं होतं तवा झाला जी," असं सांगून ते गप्प बसतात. मी समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचो. खरं बोलणारा कंटाळून इकडेतिकडे बघतो, खोटं बोलणारा माझ्या पेनाकडे बघतो.

तर मुलीला कॅनडात मुलगी झाली, तेव्हा बायकोने फोनवर बाळाचा रंग, जावळ, नाक, सगळं विचारून घेतलं. फोन माझ्या हातात आला तसं मी विचारलं, "नोंद झाली का?"

"झाली ना बाबा, दवाखान्यातूनच होते इथी."

"ती नाई. आपली."

आपली म्हणजे भारताची. मूल तिकडे जन्मलं तरी आईबाप भारतीय असले की वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत त्याची नोंद करता येते. मग ते भारताचं नागरिक होतं आणि त्याला आपला पासपोर्ट मिळतो. पण त्यासाठी आईबापांनी लिहून द्यायचं असतं की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. कॅनडा तर तिथे जन्मलेल्या मुलाला आपणहून नागरिक मानतो. म्हणजे तिकडचा पासपोर्ट काढायचा की आपला, हे घरच्यांनीच ठरवायचं. वर्ष उलटलं की किती हेलपाटे घालावे लागतात, हे मला कोणी सांगायला नको. उशिराच्या नोंदीसाठी तालुक्याला खेटे घालून चपला झिजवलेली माणसं मी आयुष्यभर बघितली आहेत.

खरं सांगायचं तर तान्ह्या पोरीच्या पासपोर्टाशी मला काय करायचं होतं? मला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की हे लोक परत येणार आहेत की नाही. तसं सरळ विचारायला जीभ रेटत नव्हती. मग मी मनाशी एक सोपा हिशेब मांडला. नातीचा पासपोर्ट आपला निघाला तर परत यायचं त्यांच्या मनात आहे, तिकडचा निघाला तर नाही.

आणखी एक गोष्ट होती. माझा बाप चंद्रपूरकडच्या मूल गावचा. जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत धान रोवलं त्याने. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर "आता आपण या देशाचे नागरिक" हे वाक्य तो बाजारात, पंगतीत, कुठेही म्हणायचा, आणि ज्याला ते टोचेल असा माणूस जवळपास असला की जरा मोठ्याने म्हणायचा. त्याच्या पणतीने ते नागरिकत्व नको म्हणावं आणि तेही बोलता येण्याआधी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

वर्षभर मी दर फोनला तेच विचारलं. मुलगी म्हणायची, "होते ना बाबा, अपॉइंटमेंट नाई भेटून राह्यली." कधी म्हणायची, फोटो परत आला, बाळाचे डोळे मिटलेले होते. जावई फोनवर आला की माझी तब्येत विचारायचा आणि मी जे म्हणेन त्याला हो म्हणायचा. माणूस चांगला आहे, चंद्रपूरचाच आहे, पण इतकं हो म्हणणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही. बायको बाजूला बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत असायची. "काऊन तिच्या मागं लागले जी?" एवढंच म्हणायची.

दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत मुलगी नातीला घेऊन आली. आमच्याकडे मंडई म्हणजे घरोघरी पाहुणे, आणि पाहुण्यांना रात्री नाटकाला नेणं हा मानाचा भाग. त्या गडबडीतही माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. जावई आला नव्हता. सुट्टी नाही म्हणे. मी विचारलं, "पासपोर्ट निघाला का पोरीचा?"

"त्याच्याबिगर विमानात बसू देतेत का बाबा?"

"आपलाच ना?"

"माझ्याजवळच हाय ना," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

हे काही उत्तर नव्हतं. असली उत्तरं ऐकत मी म्हातारा झालो. तरी लेकीची बॅग उघडण्याइतका मी घसरलो नव्हतो. दोनदा बॅगेजवळून गेलो, एवढंच.

मग मला वेगळाच वास येऊ लागला. जावयाचा फोन आला की मुलगी मागच्या अंगणात जायची आणि हळू बोलायची. एकदा मी आडाकडे जायच्या निमित्ताने गेलो तर ती एकदम "ठेवते" म्हणाली. त्यानंतर एक दिवस दोघी मायलेकी नातीला घेऊन चंद्रपूरला गेल्या, सकाळी निघाल्या त्या दिवेलागणीला आल्या. कशाला, तर बाळाला कपडे घ्यायला. कपडे म्हणजे दोन फ्रॉक आणि एक टोपरं. ते तर कुरखेड्यातही मिळतं. शिवाय बायकोने त्या दिवशी केस धुतले होते आणि लग्नकार्यात नेसते ती हिरवी साडी नेसली होती. फ्रॉक घ्यायला कोण अशी साडी नेसतं? मी सगळं जुळवून बघितलं. जावई आला नाही, फोनवर कुजबुज चालते, चंद्रपूरला व्याह्यांचं घर. झालं, दोघांचं बिनसलं आहे आणि बायका बायका मिळून मिटवायला बघत आहेत, असं मी ठरवून टाकलं. पोरीची मला फार दया आली. तिला न मागता दोनदा चहा करून दिला. ती माझ्याकडे संशयाने बघत होती.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळीच हवालदार दारात. कुरखेड्यात पोलिसाची मोटारसायकल कुणाच्या दारात थांबली की गल्लीतली सगळी माणसं दात घासायला बाहेर येतात. मी त्याला खुर्ची दिली.

"भाऊ, तुमच्या घरी विदेशी नागरिक राहून राह्यला का?"

मला हसूच आलं. "कोणी सांगतलं जी तुमाले?"

"जिल्ह्यावरून मेसेज आला. पत्ता तं तुमचाच हाय. कॅनडाचा पासपोर्ट."

मग मात्र मी तापलो. बाहेर माणसं ऐकत होती. "इथी कोणी विदेशी नाई. माझी नोकरी या जिल्ह्यात गेली. या घरात मी, माझी बायको, माझी पोरगी आन् नात. नीट पाहा, दुसऱ्याचा कागद आणला असल तुम्ही."

मुलगी नातीला कडेवर घेऊन बाहेर आली होती. "बाबा," ती म्हणाली, "हीच."

नातीच्या हातात भिजलेलं बिस्कीट होतं. हवालदाराने कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. "टुरिस्ट व्हिजा हाय," तो म्हणाला. "म्हणजे सरकारच्या हिशेबानं ताडोबा पाह्यले आली." तो एकटाच हसला. मग जरा सावरून म्हणाला, "बाहेरचा नागरिक घरी उतरला की घरवाल्यानं लगेच ठाण्यात कळवा लागते, भाऊ. तुम्ही तं सरकारी माणूस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कळवायचं राहिलं म्हणून नव्हे. माझ्या घरात, माझ्या बापाचा फोटो भिंतीवर असताना, त्याची पणती परदेशी म्हणून पोलिसाच्या कागदावर चढत होती आणि मी खुर्ची सरकवून त्याला लिहायला जागा करून देत होतो. मुलगी विचारलेलं सगळं शांतपणे सांगत होती. लिहून झाल्यावर हवालदाराने पेन खिशाला लावलं आणि आपल्याकडे विचारतात तसं सहज विचारलं, "मंग ताई, आता कायमचं तिकडंच का?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "हो काका. तिकडंच."

जे मी वर्षभर आडून आडून विचारत होतो, ते तिने एका हवालदाराला, त्याने पहिल्यांदा विचारल्याबरोबर सांगितलं. मला तिचा इतका राग आला की कानशिलं गरम झाली. पण हवालदार अजून उठला नव्हता. त्याने दुसरा कागद काढला.

"आणखी एक काम हाय. बाईंचं."

"कोणत्या बाईंचं?"

"तुमच्या घरच्या. पासपोर्टचं व्हेरिफिकेशन आलं." तो थांबला आणि मी पूर्वी लोकांकडे बघायचो तसा माझ्या तोंडाकडे बघू लागला. "तुमाले माहीत नाई का, भाऊ?"

"माहीत हाय ना," मी म्हणालो, आणि कुठे बघावं कळेना म्हणून त्याच्या पेनाकडे बघितलं.

म्हणजे ती हिरवी साडी पासपोर्टच्या ऑफिसातल्या फोटोसाठी होती. व्याह्यांकडे कोणी गेलंच नव्हतं. जावयाला खरोखरच सुट्टी नव्हती.

"किती दिवसांसाठी जाऊन राह्यल्या बाई?" हवालदाराने मलाच विचारलं. बायको आतल्या दारातून म्हणाली, "नात शाळेत जाईपर्यंत."

हवालदाराने चहा घेतला, बायकोची सही घेतली, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि गेला. शेजाऱ्यांनी सह्या करता करता सगळं वाचून घेतलं असणारच.

मग मी तोंड सोडलं. वर्षभर खोटं बोललीस, असं मुलीला म्हणालो. आजोबाचं नाव काढलं, नागरिक काढला, सगळं काढलं. ती ऐकून घेत होती. नात घाबरून तिच्या मानेत तोंड खुपसून बसली, तेव्हा मीच थांबलो.

"आमचं दोघांचंच तिकडं पक्कं नाई, बाबा," ती म्हणाली. "परमिट वाढते, कधी अडकते. रोज तीच धाकधूक. म्हटलं, एकीचं तरी पक्कं राहावं. तुमाले सांगाले मी चारदा फोन केला. तुम्ही फोन उचलल्याबरोबर म्हणायचे, झालं का? मंग मी म्हणायची, होते ना."

"तुला माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"पयल्यापासून."

मी जावयावर संशय घेतला, व्याह्यांवर घेतला, वकिलातीवर घेतला, बाळाच्या मिटलेल्या डोळ्यांवरसुद्धा घेतला. शेजारी बसून शेंगा सोलणाऱ्या बाईवर संशय घ्यायचं मला कधी सुचलं नाही.

"तुमाले सांगतलं असतं तं फोनवर भांडण झालं असतं," ती म्हणाली. "तुम्ही बोलणं सोडलं असतं, मंग पोरीनं फोन करणं सोडलं असतं. मले नातीचं तोंड पाहाचं होतं जी. तुमचा राग मले पाठ हाय, नातीचं तोंड कुठी पाठ होतं?"

मी बाहेर अंगणात जाऊन बसलो. दुपारचं जेवलो नाही, कोणी आग्रहही केला नाही. घर रिकामं कसं दिसेल ते मी बसल्या बसल्या बघत होतो. सकाळचा चहा मला करता येतो. भात करता येतो. संध्याकाळी फोन येईल, त्यात तिघी एकीकडे असतील आणि मी एकटा इकडे, आणि मी विचारायचं तरी काय? विचारण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मला भीती वाटली. रागापेक्षा ती मोठी होती, आणि ती कोणावर काढता येत नव्हती.

ऊन कलल्यावर मी आत गेलो. मुलगी नातीला भाताची पेज भरवत होती. मी जाताना बरंच ठरवून गेलो होतो. बापाबद्दल एकदा शांतपणे सांगायचं, नातीला मोठी झाल्यावर हे सांगशील असं वचन घ्यायचं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मले भी नेशील का?"

मुलीचा चमचा तसाच हातात राहिला. बायको चुलीपुढून म्हणाली, "परवाची तारीख हाय तुमची, चंद्रपूरले. दाढी करून जा, तिथी फोटो काढतेत."

"माझी तारीख? कोणी घेतली?"

"पोरीनं घेतली. तुम्ही विचाराल म्हणून घेऊन ठेवली."

"आन् मी विचारलं नसतं तं?"

तिने भाकर उलटली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तं मी एकटी गेली असती."