उपास माझा, तहान कुणाची?

खरं सांगू का, त्या दिवसांत माझा देवावर विश्वास होता, पण माझ्याच अंगावर नव्हता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा वाटायचं, हे अंगच माझं वैरी आहे. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. पिंपरीला औषधांचा कारखाना नवा उभा राहत होता, आमच्या ह्यांना तिथं काम लागलं, म्हणून साताऱ्याकडून येऊन आम्ही चिंचवडला बिऱ्हाड केलं होतं. पाचवा महिना लागला तरी पोटात हालचाल कळेना. जीव टांगणीला लागला. मग मी मंगलमूर्तीला बोलले, वैशाखातली संकष्टी निर्जळी करीन, चंद्र दिसेपर्यंत थेंब घेणार नाही. पण एवढं एक पदरात घाल.

दुपारी माझ्या नणंदेला, गंगूला, घेऊन देवळात गेले. आवारातली फरशी तव्यासारखी तापलेली. आधी घामाच्या धारा लागल्या, मग घशाला कोरड पडली, जीभ टाळ्याला चिकटली. अंग सारखं पाणी मागत होतं आणि मी त्यालाच दटावत होते, गप्प बस मेल्या! प्रदक्षिणा घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कोसळले. गंगू बिचारी घाबरली. मला खांबाला टेकवून बसवायची, की मी पुन्हा मान टाकायची. पुन्हा बसवायची, पुन्हा तेच.

दाराशी एक मुसलमान म्हातारी बांगड्या विकत बसायची. ती टोपली तशीच टाकून धावली. "अगं ए, नगं बसवू तिला! पडायचं म्हनूनच पडलीया ती. तिच्या अंगाला कळतंय, तुला कळंना व्हय?" तिनं मला सावलीत कुशीवर निजवलं, माझे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि पाणी मागवलं. आईनंतर माझे पाय कुणी असे मांडीवर घेतले नव्हते हो.

"आजी, वहिनीचा उपास मोडंल की!" तांब्या घेऊन आलेली गंगू म्हणाली.

"उपास हिनं धरलाय. पोटातल्यानं धरलाय व्हय? त्योच मागतोय पानी. दे इकडं."

मी नको म्हणणार होते, पण ओठ माझ्याआधी उघडले. घोट घोट करत तांब्या रिकामा झाला. जरा वेळानं डोळ्यांपुढची अंधारी गेली, आणि पोटात काहीतरी टुणकन हललं. वाटलं, पाणीच डचमळलं. पुन्हा हललं. मी रडायलाच लागले. म्हातारी माझ्याकडं बघून हसली, "बघा! निस्तं पानी प्यालं, तर लगीच उड्या!"

लेक झाली. बाराव्या दिवशी तीच आजी आली आणि बाळाच्या मनगटांत काळ्या मण्यांच्या मनगट्या आपल्या हातानं घालून गेली.

ते पाणी देवानं पाजलं की त्या आजीनं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. एवढंच कळतं, की ज्या अंगाला मी वैरी म्हणत होते त्यानं आधी घाम गाळून मला जपलं, मग तहान लावून विनवलं, आणि तरी मी ऐकेना म्हणून देवापुढं आडवं केलं. शरण जायचं कसं, ते त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. संकष्टी मी अजून करते. पण देवापुढं बसण्याआधी तांब्याभर पाणी पिते. तो गार घोट घशाखाली उतरतो ना, तिथंच माझी पूजा सुरू होते.