मूळ पाइप

आमच्या शहरातल्या सिंधी वसाहतीतला, कॅम्प पाचमधला तो ऑटो इलेक्ट्रिशियन मला ‘वकीलसाहेब’ म्हणे, कारण माझा कोणाविरुद्ध तरी तक्रार-अर्ज सदैव चालू असे. पेट्रोलातील भेसळ सिद्ध करण्यासाठी मी त्याच्याकडून गाडीत हवा आणि पेट्रोलाचे प्रमाण दाखवणारा मीटर बसवून घेतला.

“मीटर कोर्टात साक्ष देनार काय, वकीलसाहेब?” असे चिडवत त्याने फ्यूजपासून स्वतंत्र वायर ओढली. कंपनीची वायर तो कधीच कापत नसे. सेन्सरसाठी सायलेन्सरच्या पाइपला भोक पाडणे भाग होते, म्हणून मूळ पाइप उतरवून त्याने दुसराच लावला. पुढे कित्येक रविवारी मीटरचा आकडा पाहत आम्ही गाडीत वाद घालत बसलो. तो मध्येच सिंधीत काही गुणगुणे.

यंदा गुडघ्यांमुळे गाडी विकावी लागली. त्याने मीटर काढला आणि माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला मूळ पाइप उतरवला.

“आली तशी जाऊ दे तिला,” तो म्हणाला.

मी टॉर्च घेऊन संतापाने एखादा ओरखडा शोधला. एकही सापडला नाही. आमच्या रविवारांचा पुरावा म्हणून तरी त्याने एक ठेवायला हवा होता. ही तक्रार कोणाकडे करावी, हे मला अद्याप कळलेले नाही.