वेटोळं आणि टेबलपंखा

परवा कूलरला नवा वाळा लावला आणि त्या ओल्या वासासरशी मला आमचा जुना टेबलपंखा आठवला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. पृथ्वी मोठं लोहचुंबक आहे, तर तिच्यावर वीज सोडलेलं तारेचं वेटोळं तरंगलंच पाहिजे, असं मी घरात जाहीर करून बसलो होतो. तारेसाठी नागपूरच्या ऐन मे महिन्यात घरातल्या एकुलत्या एका पंख्याची मोटार खोलली. बाबा वाडीच्या गोदामातली पहाटपाळी करून दोनला यायचे आणि त्या पंख्यासमोरच झोपायचे. वेटोळं तरंगलं तर ते माफ करतील, एवढीच आशा. दीडला मी ते दोऱ्याला टांगून बॅटरी जोडली. वेटोळं सावकाश फिरलं, थांबलं, केसभरही वर गेलं नाही. "भाऊ, हे तं नुसतं वळून राहिलं," धाकटी बहीण म्हणाली, "आता बाबाले काय सांगशील गा?" मी सेल वाढवत गेलो, कान बाबांच्या सायकलच्या घंटीकडे. शेवटी ती वाजलीच. बाबांनी उघडा पंखा पाहिला. "काहून गा?" मी चाचरत सांगितलं, की पृथ्वी एका बाजूला ढकलते तितकीच दुसऱ्या बाजूला ओढते, म्हणून ते वळतं, पण उचललं जात नाही. "हे पंखा खोलायच्या आधी नाही समजलं तुले?" एवढं म्हणून त्यांनी हातपंखा माझ्या हाती दिला आणि डोळे मिटले. पावसाळ्यापर्यंत रोज दुपारी मी वारा घातला. हात थांबला की बाबा झोपेतच पुटपुटायचे, "वर नाही गेलं तं नाही, फिरव गा." आताही कूलरसमोर लवंडलो की माझं मनगट आपोआप हलतं, आणि बायको विचारते, "कोणाले वारा घालून राहिले?"