शून्यावर येणारा काटा

रविवारी सकाळी माझ्या जुन्या हॅम रेडिओ सेटचा, म्हणजे हौसेखातर बिनतारी गप्पा मारायच्या यंत्राचा, चारशे रुपयांना सौदा ठरत होता. हजर भंगारवाला, सौ. आणि मी.

"अहो, त्याच्यावरच्या व्होल्टमीटरचा काटासुद्धा हलत नाही. ठेवायचा कशाला?" सौ. म्हणाली.

मी मीटरची काच फडक्याने पुसली, तसा काटा टुणकन उडाला.

"चालला की!" भंगारवाला ओरडला.

पण प्लग लावलेलाच नव्हता. काच घासल्याने तयार झालेल्या स्थिर विजेला काटा भुलला होता. मी मीटर उघडून चुंबकापाशी अडकलेला लोखंडाचा कण चिकटपट्टीने काढला. सेट लावताच काटा बारा व्होल्टवर गेला आणि बंद करताच बरोबर शून्यावर आला. गोंजारल्यावर वर चढणारे पुष्कळ असतात. काम संपताच शून्यावर येणारा विरळा!

"राहू द्या आता," सौ. हसली.

फेरी फुकट गेली म्हणून भंगारवाल्याला मी खुशीने पन्नास रुपये दिले.