मामांनी सही केली, आता त्यांचं काय?

मंडळी, दुपारपासून राहवत नाहीये, म्हणून लिहितोय. नावं बदलली आहेत.

खुनासाठी जन्मठेप भोगणारा विष्णू निर्दोष आहे, असं मी वर्षभर इथं मांडतोय. खून झाला त्या दुपारी तो गावातल्या भागाजीमामांबरोबर मेंढ्यांना पाणी पाजत होता. मामांना तेव्हा कुणी विचारलंच नाही. आज ते अपिलासाठी प्रतिज्ञापत्र द्यायला निघाले.

टेंभुर्णीला आम्ही प्रवासी जीपमध्ये बसलो आणि मयताचा चुलतभाऊ मामांना खेटून बसला.

"मामा, कुठं चालले?"

"दवाखान्यात."

"मंग सायबाजवळ एवढे कागदं कशाला? जल्दी या माघारी. घरी मामी एकटीच हाय ना?"

तो हसत होता. मी फाइल पोटाशी धरली. जाफराबादला आम्ही उतरलो.

वाटलं, मामा आता माघार घेणार. पण वकिलांसमोर त्यांनी सावकाश, पूर्ण नावानं सही केली. पेन ठेवून मला म्हणाले, "साहेब, आता गावात कसं जाऊ?"

वकिलांनी संरक्षणासाठी पोलिसांकडे अर्ज दिला. मामा मात्र थांबले नाहीत, गावी परतले. मामी एकटी होती.

मी जालन्यात, घरात सुखरूप आहे. मामांचा फोन लागत नाहीये. विष्णूसाठी त्यांना तिथवर मीच नेलं. तुम्ही नेलं असतं?