नववा खिळा

काही माणसांच्या शेजारी राहिलं की किस्से आपोआप साठतात, स्वयंपाकघरातल्या वाण्याच्या पिशव्यांसारखे. ह्यांची बँक कोलकात्याला घेऊन आली, डमडमला फ्लॅट मिळाला आणि तळमजल्यावर रूथमाशी मिळाल्या. माशी म्हणजे तिकडची मावशी. बंगाली ख्रिश्चन, रिटायर्ड नर्स, एकट्या. पुण्याला फोन केला की बहीण आधी त्यांचंच विचारायची. हल्ली ती विचारत नाही, मीच सांगत बसते. सांगून हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

*

सामान उतरवलं त्याच दिवशी माशी माशांचं कालवण घेऊन आल्या. सासूबाई शाकाहारी, त्यांनी दारातूनच हात जोडले. तासाभराने माशी उकडलेले बटाटे घेऊन हजर, तेही कोऱ्या पातेल्यात. लेबलसुद्धा काढलं नव्हतं. सासूबाईंनी तेही परत पाठवले. मी लाजेने अर्धमेली झाले. दुसऱ्या दिवशी माशी पुन्हा दारात, पिशवीत कच्चे बटाटे! म्हणाल्या, "तुम्हीच उकडा."

*

दुसऱ्या मजल्यावरच्या घोषबाबूंनी तक्रार करून नाताळची गाणी बंद करायला लावली. माशींच्या चर्चची मंडळी गेटवरूनच परत गेली. पुढच्याच महिन्यात घोषबाबूंना पंधरा दिवस रोज इंजेक्शन हवं होतं, आणि ते द्यायला कोण, तर माशी. मी चिडून विचारलं, एवढा आवडतो का तुम्हाला हा माणूस?

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "येशूने शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलंय. तो आवडलाच पाहिजे, असं कुठे सांगितलंय?"

*

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना आंघोळ घालायला माशीच यायच्या. ह्या मराठीत कुरकुरायच्या, त्या बंगालीत समजूत घालायच्या. शेवटी शेवटी तर सासूबाई माझ्या हातचं खाईनात. "ती आली की खाईन," म्हणायच्या. ज्या बाईंनी बटाटे परत पाठवले होते, त्याच ह्या.

*

बिल्डिंगमधल्या बाकी आठही घरांच्या डुप्लिकेट किल्ल्या माशींकडे असत. दाराजवळच्या फळीवर आठ खिळे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. कोणाचा सिलिंडर, कोणाचा प्लंबर, कोणाच्या कुंड्या, सगळं माशी बघणार.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी स्वतःच्या घराची किल्ली माझ्यापुढे धरली. गुडघे दगा देतात, बाथरूममध्ये भीती वाटते, म्हणाल्या. मी ऑफिसला निघाले होते, न्यू टाउनची बस चुकत होती.

"राहू दे हो माशी," मी म्हटलं. "तुम्ही तर कायम घरीच असता."

त्या हसल्या, मीही हसले. बस मिळाली.

*

जानेवारीत दोन दिवस माशी दिसल्या नाहीत. आठही घरची माणसं बिल्डिंगमध्येच होती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कोणाच्या तरी घरी कामात असतील. तिसऱ्या दिवशी सकाळी घोषबाबूंच्या दाराचं लॅच लागून ते बाहेर अडकले, म्हणून माशींची बेल वाजवायला गेले. स्वतःची किल्ली मागायला!

बेल वाजत राहिली. आम्ही सगळे खाली जमलो. दार तोडायला आलेल्या सुताराने साधा प्रश्न विचारला, "ह्या घराची डुप्लिकेट कोणाकडे आहे?"

आठ घरांपैकी एकाकडेही नव्हती.

दार तोडलं. माशी बाथरूमच्या उंबऱ्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत असाव्यात.

घोषबाबू फळीवरून आपली किल्ली काढायला गेले आणि तिथेच थांबले. मला हाक मारली त्यांनी. फळीवर एक नववा खिळा होता. त्याला माशींच्या घराची किल्ली लटकत होती आणि खाली चिठ्ठीवर माझं नाव होतं.