सुमनचा डबा

“दिवाळी होऊ द्या,” असं म्हणून आमचे गुरुजी बोटाला लागलेली चटणी डोळे मिटून चाटायचे. शाळेच्या पत्र्याला पडलेलं भोक असो की स्वतःचं लग्न, उत्तर एकच. तुमच्याही शाळेत, कचेरीत असा एखादा गोड माणूस असेल. मला आता त्या गोडपणाची शिसारी येते.

देवणीच्या पलीकडे एका वस्तीवर आमची दोन शिक्षकांची शाळा. मी स्कूटीवर ये-जा करायची, ते वस्तीतच खोली करून राहायचे. शिकवायचे मात्र सुरेख, हे नाकारता येत नाही. पाढे म्हणताना पोरं डोलायची आणि शेजारच्या अंगणवाडीतली सेविका, सुमन, दारात येऊन उभी राहायची.

चार वर्षं तिने त्यांना दुपारचा डबा आणला. भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. दोघांचं ठरलंय हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. वडिलांनी आणलेली स्थळं ती परत पाठवायची, कारण गुरुजींनी दिवाळीचा शब्द दिला होता. कोणती दिवाळी, तेवढं सांगितलं नव्हतं. जेवण झालं की ते खरकटा डबा तसाच तिच्या हातात द्यायचे. मला ते खटकायचं, पण त्या आमटीत माझाही वाटा असायचा, म्हणून मी गप्प बसले.

या वर्षी शाळा उघडली, डबा सुरूच होता. बदल्यांचे ऑनलाइन अर्ज निघाले. त्यांचे अर्ज नेहमी मीच भरायची. ‘अविवाहित’ काढून ‘विवाहित’ करा, असं त्यांनी सांगितलं. मला इतका आनंद झाला की न विचारताच मी पत्नीच्या रकान्यात सुमनचं नाव टाकलं.

“ती न्हाई, मॅडम,” ते शांतपणे म्हणाले. “मे महिन्यात झालं. अहमदपूरला शिक्षिका हाय. म्हणून तर मला तिकडची शाळा मिळती.”

समोर सुमनचा डबा उघडा होता आणि ते बोट चाटत होते. अर्ज अर्धवट सोडून मी अंगणवाडीत गेले आणि सुमनला सगळं सांगितलं. त्या दुपारी ती खरकटा डबा न्यायला आली नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा बंद झाला. सुमनला बरं नाही का, असं त्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं.

उरलेला अर्ज त्यांनी दुसऱ्याकडून भरून घेतला आणि पंधरा दिवसांत बदली झाली. निरोपाला वस्तीने शाल, नारळ दिला. भाषणं संपली तशी सुमन उठली.

“गुरुजी, माझा डबा ऱ्हायलाय.”

त्यांनी तो कपाटातून काढला. शेवटच्या दिवशीचा, तसाच. झाकण निघालं तशी पुढची पोरं नाक धरून मागे सरकली. आत हिरवी बुरशी चढली होती. गुरुजींनी नेहमीसारखा तो तिच्यापुढे धरला.

“घासून द्या,” ती म्हणाली.

सगळी वस्ती बघत होती. दिवाळीचं नाव काढायची सोय नव्हती. गुरुजी हापशापाशी उकिडवे बसले आणि मातीने डबा घासू लागले. नवी शाल खांद्यावरून घसरत चिखलात गेली. ती उचलून द्यावी असं मला क्षणभर वाटलं, त्याची अजून लाज वाटते.

सुमनने डबा उन्हाकडे धरून आत पाहिलं आणि पुन्हा त्यांच्या हातात दिला.

“कडंला ऱ्हायलंय अजून.”